कायदा कडक करा म्हटलं की लोकांच्या पोटात का दुखतं?

तिठा (धागाकर्ता):

काल दुसऱ्या एका धाग्यावर एका सदस्याने लिहिलं, "कायदे कडक करून काही होत नाही, आपली माणसंच तशी. अपघात म्हणजे अपघात, त्याला तुरुंग कशाला?" त्यावर सतरा जणांनी अंगठे दिलेत. रात्री झोप लागेना, म्हणून हा वेगळा धागा.

टायर फुटला, म्हैस आडवी आली, तो अपघात. भर वस्तीत नव्वदने गाडी हाणायची आणि कुणी उडालं की "अपघात झाला" म्हणायचं? झाला नाही, केला.

पुण्याचं कल्याणीनगर आठवतं ना? १९ मे २०२४, भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोघांना उडवलं. सतरा वर्षांच्या पोराला त्याच दिवशी जामीन आणि वर ३०० शब्दांचा निबंध. राज्यभर बोंब झाली म्हणून पुढचं सगळं हललं, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटकसुद्धा झाली. महाराष्ट्रात वर्षाला १५ हजारांवर माणसं रस्त्यावर मरतात. त्यातल्या किती जणांसाठी बोंब होते?

आणि राज्याच्या हातात काही नाही हे कुणी सांगू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम २१०अ वाचा, राज्य दंड दहापटीपर्यंत वाढवू शकतं. आपण काय केलं? केंद्राचा २०१९ चा वाढीव दंड दोन वर्षं अडवून ठेवला आणि डिसेंबर २०२१ मध्ये लागू केला.

माझा आतेभाऊ गाडीखाली गेला तेव्हा दंड संहितेचं ३०४अ लागलं होतं, निष्काळजीपणाने मृत्यूचं, जास्तीत जास्त दोन वर्षं. आत्या प्रत्येक तारखेला डबा घेऊन कोर्टात जायची. साक्षीदार म्हणजे एक टपरीवाला, तो गाव सोडून गेला. गाडीवाला सुटला. आत्या अजून रस्ता ओलांडताना माझा दंड घट्ट धरते.

एसटीचा पोरगा:

तुमच्या आत्यांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण कडक कायदा कुणाला लागणार हे पण लिहा की. दोन कोटींच्या गाडीवाल्याकडे वकिलांची फौज असते. आत जाणार तो बारा-पंधरा हजारांवर राबणारा ड्रायव्हर.

वडील ३१ वर्षं एसटीत होते. एकदा उसाच्या पट्ट्यात आडरस्त्यावरून दुचाकी थेट बससमोर आली. पोरगा जागेवर गेला. वडिलांनी बस थांबवली, खाली उतरले, तर समोरून लोक दगड घेऊन येताना दिसले. उसातून पळाले. तीन किलोमीटरवरच्या चौकीत जाऊन स्वतः सांगितलं, "माझ्याकडून झालंय." मागे कंडक्टरकाकांचा हात मोडला होता. चौकशीत वडिलांची चूक नव्हती असंच निघालं. तरी पुढे दोन वर्षं त्या वळणावर आले की बस पहिल्या गिअरमध्ये.

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाले संपावर गेले तेव्हा इथलेच लोक पेट्रोल पंपावरच्या रांगेत उभे राहून त्यांना शिव्या देत होते. नव्या कायद्यात अपघात करून पळालास तर दहा वर्षं म्हणे, म्हणून संप. थांबलो तर जमाव, पळालो तर दहा वर्षं. काय करायचं माणसानं?

कलमकसाई:

दोघेही अर्धवट कायदा सांगताय, माफ करा, पण वकिलीची सवय जात नाही.

एसटीचा पोरगा, तुमच्या वडिलांना ते कलम लागलंच नसतं. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं १०६(२) असं की, निष्काळजीपणे गाडी चालवून कुणी मेलं आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला लगेच न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत. तुमचे वडील तर थेट चौकीतच गेले. शिवाय संपानंतर ते पोटकलम बाजूला ठेवलं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली ती हे एवढं वगळून. बाकी १०६(१), म्हणजे जुनं ३०४अ, चालू आहे: दोनाची पाच वर्षं झाली.

तिठा, तुमच्यासाठी. नुसतं बेदरकार चालवणं, म्हणजे कुणी मेलं नाही तर, जुन्या २७९ चं आता २८१ झालं. आकडा बदलला, शिक्षा तीच: सहा महिने किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हजार रुपये! हे बदलायला राज्याने स्वतंत्र दुरुस्ती केली तर राष्ट्रपतींची संमती लागेल. महिला-मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं आपल्या राज्याचं शक्ती विधेयक आठवा. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केलं. संमती काही आली नाही.

आणि आहे त्या कायद्यातही जागा आहे. २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडला पदपथावर झोपलेले सात मजूर चिरडले. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कलम होतंच. लावायला छाती लागते.

नाकासमोर:

श्रीमंतांची पोरं, ट्रकवाले, सगळं ठीक आहे. पण मला रोज मारायला कोण येतं? उलट्या बाजूने येणारे स्कूटरवाले! डोळ्यांत अप्पर मारून, वर माझ्याकडेच रागाने बघतात, जणू मीच चुकीची. मुलाला शाळेत सोडताना मी आता डावीकडे बघते, उजवीकडे बघते, मग परत डावीकडे, मग वर आकाशाकडे. यांच्यासाठी कायदा कधी करणार?

वळसा_अडीच_किमी:

ताई, राग समजतो, पण उलट्या बाजूने येणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. आमच्या गल्लीसमोरचा दुभाजक बंद केला. पलीकडच्या दवाखान्यात जायला आता अडीच किलोमीटर जाऊन यू-टर्न. आईला श्वास लागला तेव्हा मी दोनशे मीटर उलटा गेलो आणि परत जाईन.

नाकासमोर:

आई आजारी असताना गेलात, मान्य. रोज दूध आणायला जाता तेव्हा काय होतं हो आईला?

वळसा_अडीच_किमी:

व्यक्तिगत होऊ नका. दूध घरपोच येतं.

(भाजीला जातो. पण कडेकडेने आणि दहाच्या वेगाने.)

खवचट म्हातारा:

कडेकडेने! वा! म्हणजे दरोडा घातला पण चपला बाहेर काढून. आम्ही सायकली चालवायचो तेव्हा हवालदार नुसता हात आडवा करायचा आणि चाकातली हवा सोडायचा. कलम नाही, जामीन नाही. घरापर्यंत सायकल ढकलत नेली की जन्मभर लक्षात राहायचं.

एसटीचा पोरगा:

आजोबा, तो हवालदार आता हवा सोडत नाही, "किती आहेत खिशात" विचारतो. दंड दहापट करा, त्याचा भाव पण दहापट होईल. तिठा, या गणिताचं उत्तर द्या.

तिठा:

म्हणजे पोलीस पैसे खातो म्हणून कायदाच नको? मग भेसळीचा, हुंड्याचा, सगळेच रद्द करा. कॅमेरा पैसे मागत नाही. द्रुतगती मार्गावर कॅमेरे लागल्यापासून निदान लोक वेगाच्या काट्याकडे बघतात तरी.

आणि हे दुभाजकाचं पुराण थांबवा. मी माणसं मारणाऱ्यांबद्दल लिहिलंय, भाजीबद्दल नाही.

कलमकसाई:

थांबवता येणार नाही, कारण ते तुमच्याच विषयात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक चालवणं म्हणजे काय ते स्पष्ट केलंय. लाल दिवा तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं, आणि वाहतुकीच्या उलट दिशेने जाणं. पहिल्या वेळेला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड किंवा दोन्ही. भाजीवाले आणि नव्वदने हाणणारे एकाच कलमात बसलेत.

वळसा_अडीच_किमी:

भाजीसाठी वर्षभर आत?? आणि अडीच किलोमीटरवर यू-टर्न ठेवणाऱ्या इंजिनिअरला किती? पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर किती माणसं गेली. तिथे फक्त ड्रायव्हरच दोषी का? रस्ता बांधणाऱ्याला कधी जामीन घ्यावा लागलाय?

एसटीचा पोरगा:

+१. पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. पण खरं सांगायचं तर त्या उतारावर काही ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, मग ब्रेक तापून निकामी होतात. ते माझेच लोक. हे मी घरी बोललो तर वडील जेवणार नाहीत.

नाकासमोर:

तिठा, एक विचारू? मागच्या महिन्यात तुम्ही 'पहाटेचं विमान कसं गाठलं' असा झकास किस्सा लिहिला होता. त्यात पुलाखालून "जरा उलटं मारून" पाच मिनिटं वाचवलीत. मी तेव्हा हसले पण होते. आज परत वाचला.

तिठा:

पन्नास मीटर. पहाटे साडेचारला. रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

खवचट म्हातारा:

कुत्रं नव्हतं हे कुत्र्याचं नशीब.

तिठा:

बरं, चुकलं. लिहून देतो, चुकलं. स्टँपपेपर आणू? पण एक लक्षात घ्या, मला त्या पन्नास मीटरचे पाच हजार लागले असते तर मी विमान सोडलं असतं. हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय!

कलमकसाई:

पाच हजार तेव्हाही होतेच की. लागले नाहीत, कारण तिथे कुणी नव्हतं. तुम्ही रक्कम वाढवायला सांगताय, मी म्हणतो साडेचारला कुणीतरी उभं करा. आता खरं सांगा, तुमच्या गाडीवर चलनं किती थकली आहेत? माझे अशील तर लोकअदालतीची वाट बघत बसतात, तिथे सवलतीत मिटतं म्हणून.

तिठा:

एकही नाही. मी कर भरणारा माणूस आहे.

थांबा, ॲप उघडतो.

तीन आहेत. दोन वेगाची. एक हेल्मेटचं, ते माझं नाही, स्कूटर मेव्हण्याकडे असते.

कलमकसाई:

चलन मालकाच्या नावावर येतं. मेव्हण्याचं वय काय?

तिठा:

सतरा. बायकोचा सगळ्यात धाकटा भाऊ आहे. का?

कलमकसाई:

मोटार वाहन कायद्याचं १९९अ वाचा. अल्पवयीन चालवत असेल तर पालक किंवा गाडीचा मालक, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. सासरी फोन करून आधी किल्ली मागवून घ्या. धाग्याचं नंतर बघू.