शब्दचर्चा : अंग चोरणे, बुजणे, मिरवणे

मालवणहून :

एका अगदी नेमक्या भावनेसाठी शब्द शोधते आहे. जाणकारांनी मदत करावी.

गेल्या मंगळवारी बँकेत काम होतं. बहिणीने पाठवलेला नवा ड्रेस घातला. हळदी पिवळ्या रंगावर बशीएवढी राणी रंगाची जास्वंदं, वर मोरपंखी ओढणी. घरी आरशासमोर उभी राहिले तेव्हा तो मला मनापासून आवडला होता. पाणंदीतून मोठ्या रस्त्याला लागले आणि सगळं बदललं. पाऊस थांबला होता तरी छत्री मिटवेना. पर्स छातीशी धरली. बँकेच्या रांगेत उभी होते तेव्हा दोन्ही कोपरं अंगाला चिकटलेली, आणि ओढणीच्या टोकाची घडी घालायची, उलगडायची, परत घालायची. इतकी वेळ, की घामाने रंग सुटून तर्जनी निळसर झाली. कोणी वाईट बोललं नाही. ओळखीच्या एका वहिनींनी फक्त विचारलं, "आज काय लगीन आसा काय गो?" तेही हसून.

घरी आल्यावर भाची म्हणाली, "मावशी, तू सेल्फ-कॉन्शस झालीस." तिचं बरोबर आहे. पण हेच मला मराठीत सांगता येईना. 'लाज वाटली' म्हणावं तर लाजण्यासारखं मी काही केलं नव्हतं. 'ओशाळले' म्हणावं तर त्यात चूक उघडी पडलेली असते. 'आत्मभान' हा तर चांगला शब्द, ते आलं की माणूस ताठ उभा राहतो. माझं उलट झालं होतं. 'संकोच' जवळचा वाटतो, पण घरात असं कोण बोलतं? आम्ही 'कसंतरीच झालं' म्हणून मोकळे होतो. त्या 'कसंतरी'च्या आत नेमकं काय आहे, ते मला हवं आहे.


देवरूखहून :

ताई, 'संकोच' पुस्तकी म्हणून बाजूला ठेवू नका. त्याचं मूळ शरीरातच आहे. 'आकुंचन' आणि 'संकोच' एकाच धातूतून आले आहेत, अर्थ आकसणे, मिटणे. तुमची कोपरं अंगाला चिकटली होती, तोच शब्दशः संकोच. मनाचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

बोलीतला त्याचा सख्खा भाऊ म्हणजे 'अंग चोरणे'. याचे दोन वापर आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. 'तो कामात अंग चोरतो' म्हणजे कष्ट टाळतो. 'गर्दीच्या एसटीत ती अंग चोरून बसली' म्हणजे होईल तेवढी कमी जागा व्यापून बसली. तुमचा हा दुसरा. त्याच्या शेजारी 'चोरट्यासारखं होणं' ठेवून पाहा. काहीही चोरलेलं नसताना चोरासारखं वाटणं, ही आपल्या भाषेची फार बारीक पकड आहे. जे चोरायचं ते आपलंच अंग, आणि ज्यांच्यापासून चोरायचं ते चारचौघं.

'अवघडणे'ही तपासा. मांडी घालून बराच वेळ बसलं की पाय अवघडतात. तोच शब्द आपण परक्या घरी गेल्यावर वापरतो. अंग आपलंच, पण ते कसं ठेवावं ते कळेनासं होतं.

'कानकोंडं होणं' मात्र मी तुमच्या प्रसंगाला लावणार नाही. त्यात कुणीतरी काही बोललेलं असतं, किंवा सगळे गप्प झालेले असतात, आणि तोंड दाखवायची पंचाईत होते. तुमच्या वहिनी तर हसून बोलल्या.

आता माझा आवडता शब्द : 'बुजणे'. बैल बुजतो, घोडा बुजतो, नवं मूल पाहुण्यांना बुजतं. यात अपराध नाही, लाजही नाही. अनोळखी काही एकदम समोर आलं म्हणून अंग मागे सरतं, एवढंच. भाताची लोंबी भरली की पाखरांसाठी शेतात उभं करतात ते बुजगावणं याच क्रियापदाच्या घरातलं. जुना सदरा, लाल फडकं, जे घरात सर्वांत उठून दिसेल ते त्याच्या अंगावर चढवतात, कारण पाखरांनी बुजावं. तुमच्या बाबतीत रंग अंगावर तुमच्या होता आणि बुजलातही तुम्हीच. या उलट्या वापराला वेगळा शब्द मराठीत मला आठवत नाही.


सावंतवाडीहून :

माझं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं. तिथे लाज 'वाटत' नाही, लाज 'दिसते'. 'म्हाका लज दिसता' असं म्हणतात. कोकणीत 'दिसता' म्हणजे नजरेला पडणं आणि मनाला वाटणं, दोन्ही. लग्नानंतर इथे आले तेव्हा यावरून माझा मोठा घोटाळा व्हायचा, तो सांगते, कारण तो या चर्चेत बसतो.

सासूबाई म्हणायच्या, "असं बरं दिसत नाही." मी समजायची की त्यांना बरं वाटत नाहीये, कारण माहेरी 'म्हाका बरें दिसना' म्हणजे मला बरं वाटत नाही. मी त्यांना कपाळाला हात लावून बघितलंय. त्यांना म्हणायचं असायचं की चारचौघांत हे शोभत नाही. शब्द तेच. माहेरच्या वाक्यात आधी 'म्हाका' येतं, बघणारी मीच असते. सासरच्या वाक्यात कुणाला बरं दिसत नाही ते कधीच सांगितलेलं नसतं. तो बघणारा वाक्यात नाही, पण सगळं वाक्य त्याच्यासाठी आहे.

ताई, बँकेच्या रांगेत तुमच्या मागे तोच उभा होता असं मला वाटतं.


अलिबागहून :

ड्रेस 'भडक' होता का, यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझी आजी मासे विकायची. पोपटी, शेंदरी, गुलाबी, असलीच लुगडी आणि काठ त्याहून चढ. 'मी भडक नेसले' असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. 'ती भडक नेसते' हे मात्र तिच्याबद्दल शाळेतल्या मित्रांच्या घरी ऐकलंय, आणि तेव्हा मला फार लागलं होतं. हा शब्द 'मी'बरोबर चालतच नाही, चालवून बघा.

आमच्या वयाच्या पोरांत याच अर्थाने 'चमको' म्हणतात. फुलाफुलांचा शर्ट घालून कॉलेजला गेलो तर 'काय चमको' झालंच. मग तो शर्ट वर्षभर कपाटात.


देवरूखहून :

अलिबागच्या मित्राने चांगली गोष्ट पकडली. त्यात भर घालतो. 'भडक' आणि 'भडका' एकाच कुळातले, आग दोन्हीकडे आहे. पण जोडशब्दात बसला की हाच 'भडक' निरुपद्रवी होतो. लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, निळाशार, काळाकुट्ट. 'लालभडक जास्वंद' म्हणताना आपण जास्वंदीला नावं ठेवत नाही, रंग किती लाल ते सांगतो. 'लाल' काढून घेतलं आणि 'भडक' एकटं उरलं की लगेच दोष लागतो, आणि तोही बहुतेक वेळा माणसाला, त्यातही बाईला. उलट बाजूचे शब्द बघा : ठसठशीत, उठावदार. 'ठसठशीत कुंकू' ही स्तुती. 'बटबटीत कुंकू' ही निंदा. कुंकू कदाचित एकाच मापाचं.

'डोळ्यात भरणं' आणि 'डोळ्यात खुपणं' यांचीही जोडी अशीच.


कुडाळहून :

माझे वडील दशावतारात स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका, करायचे. तुळशीची लग्नं झाली की जत्रा सुरू, रोज एका गावात रात्रभर नाटक. दशावतारी आपलं तोंड आपणच रंगवतात. मी लहान असताना त्यांच्या मागे पेट्रोमॅक्सच्या उजेडात बसायचो. हातात छोटा आरसा, तोंडाला पिवळट सफेदा, गालावर गुलाबी, भुवया कोरलेल्या. मग नऊवारी, बांगड्या, केसांत वळेसर. मध्येच पार्ट नसला की त्याच वेशात देवळाबाहेर येऊन चहा घ्यायचे, ओळखीच्यांशी भात कापणीबद्दल बोलायचे. कुणी टक लावून बघितलं तरी त्यांचं अंग कधी आखडलेलं मी बघितलं नाही.

आणि याच माणसाला काकाच्या लग्नात आईने घेतलेला लाल रेघांचा सदरा घालवेना. वरून टॉवेल पांघरून बसले होते पूर्ण दिवस. आई चिडली तर म्हणाले, "माका बुजल्यासारखा होता." देवरूखच्या काकांचा शब्द त्यांनी तेव्हाच वापरला होता, आज वाचून आठवला.

मी खूप विचार केलाय यावर. दशावतारात त्यांच्या अंगावर सोंग असायचं. बघणारे सोंग बघायचे. सदऱ्यात ते स्वतः होते. 'सोंग' हा शब्द आपण 'सोंग करतोय', 'आजारपणाचं सोंग' असा खोटेपणासाठी वापरून वापरून झिजवला. आमच्या घरात तो मानाचा होता. 'आज बाबांचं सोंग कुठलं?' असं आम्ही विचारायचो.


मालवणहून :

सगळ्यांचे मनापासून आभार. कुडाळच्या दादांचं वाचून बराच वेळ मोबाईल बाजूला ठेवून बसले होते.

आता मला जे दिसतंय ते लिहिते, चुकलं तर सांगा. मी आधी जे शब्द आठवत होते त्यात मी कुठेच काही करत नव्हते. मला लाज वाटली, मला कसंतरी झालं, मला अवघडल्यासारखं झालं. सगळीकडे 'मला'. भावना बाहेरून येते आणि अंगावर पडते, मी फक्त तिथे असते. 'मी अंग चोरलं' म्हटलं की करणारी मी झाले. त्या दिवशीची माझी कोपरं, छत्री, ओढणीची घडी यांना हाच शब्द बसतो. तो कबूल करायला जरा जड गेला, पण खरा आहे.

मग त्याच्या विरुद्धचा शब्द शोधला आणि सापडला 'मिरवणे'. हाही 'मी'चाच. आमच्याकडे शिमग्यात पालखी देवळातून निघते, घरोघरी जाते, खांद्यावर नाचते. तिला जरीचं वस्त्र, झेंडूच्या माळा, मुखवट्यांवर ऊन पडलं की डोळे दिपतात. पालखी मिरवते म्हणतात, मिरवणूक त्यातूनच. नवरदेव मिरवतो. आता गणपती येतील तेव्हा माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगतात त्या चौकटीला, कवंडाळाची केशरी फळं, तेरडा, आंब्याचे टाळे, सगळं एकत्र लटकेल. ते भडक झालं असं अजून कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. जुन्या मराठीत मिरवणे म्हणजे शोभणे, झळकणे. एवढा चांगला शब्द. पण 'ती मिरवते नुसती' म्हटलं की कसा चेहरा करून म्हणतात, आठवून बघा. 'नटणे'चंही तेच झालं. सणाला नटली तर कौतुक, मंगळवारी नटली तर नटवी. वहिनींचा प्रश्न म्हणूनच लग्नाचा होता. लग्न असतं तर जास्वंदांना परवाना होता.

या शब्दाला मी टाकणार नाही. 'मिरवणे' चांगल्या अर्थाने, साध्या दिवशी, स्वतःबद्दल वापरायला मी सुरुवात करते आहे.

आणखी एक प्रसंग पहिल्या वेळी लिहिला नव्हता. बँकेतून मासळी बाजारात गेले. नेहमीच्या मावशी बसल्या होत्या. हिरव्यागार साडीला जांभळा काठ, नाकात चमकी, अंबाड्याला अबोलीचा वळेसर. (अबोलीला वास नसतो. ती गप्प असते, सगळं बोलणं रंगाचं.) पुढ्यात बांगड्यांचा वाटा, हाताला खवलं चिकटलेली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, अगदी सावकाश, जसं गिऱ्हाईक मासा बघतं. मी छत्री पुढे घेतली.

"बाये, रंग शोभता तुका," त्या म्हणाल्या. "मगे छत्री कित्याक आड धरतंस?"

मी म्हटलं, ऊन लागतं. वर आभाळ काळंकुट्ट भरून आलेलं. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता बांगडे मोजायला घेतले. मी छत्री मिटून काखेत धरली आणि पिशवी उघडून पुढे केली.


सावंतवाडीहून :

ताई, 'शोभता'मध्येही 'तुका' आहे, पण बघणाऱ्याने स्वतः समोर बसून, तोंडावर सांगितलेलं. माझ्या सासूबाईंच्या वाक्यात जो लपलेला होता तो इथे मासे मोजत बसलाय.

त्या राणी रंगाला माझ्या माहेरी गुलबक्षी म्हणतात. तुमच्याकडे?