मदत हवी आहे: पीएचडीचा गाइड निवडताना पेपर (शोधनिबंध) मोजायचे की आणखी काही बघायचं?

नमस्कार मंडळी. भाचीला विषाणूशास्त्रात पीएचडी करायची आहे. एका सरांचे दीडशेच्या वर पेपर, एच-इंडेक्सही (किती पेपरांचा इतरांनी किती वेळा संदर्भ घेतला, त्यावरून काढलेला आकडा) दणदणीत. पण बरेचसे २०२० नंतरचे, कोविडवरचे, आणि नाव वीस-पंचवीस लेखकांच्या गर्दीत मधेच कुठेतरी. दुसऱ्या मॅडमचे जेमतेम तीस, पण बहुतेकांत नाव शेवटी, म्हणजे काम त्यांच्याच प्रयोगशाळेतलं. मला मॅडम बऱ्या वाटतात, पण मी पडले बँकवाली! अमेरिकन शास्त्रज्ञ पेटन राऊस यांनी कोंबड्यांमधल्या कर्करोगाच्या विषाणूवरचं काम १९११ मध्ये छापलं, नोबेल मिळालं थेट १९६६ मध्ये. मग आकड्यांवर कितपत विसंबायचं? गूगल स्कॉलरवर (शोधनिबंध शोधायची गूगलची साइट) नेमकं काय तपासावं? आणि या सर-मॅडमच्या जुन्या विद्यार्थ्यांना परस्पर मेल केला तर चालतं का?