मे अखेरीस द्रासला तंबू: तपकिरी अस्वल जागं असेल का?

कोपरीकर:
ठाण्याहून आम्ही आठजण मे अखेरीस द्रासच्या वरच्या कुरणांवर मुक्काम करणार आहोत. त्या भागात हिमालयी तपकिरी अस्वल आहे. तोवर त्याची शीतनिद्रा संपते का? सहा महिन्यांचं उपाशी जनावर बाहेर आल्यावर दिसेल त्यावर तुटून पडतं म्हणतात, ते खरं का? आणि शिधा कुठे ठेवायचा?

डोंगरवाट, ऐरोली:
संपलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आत, मार्च-एप्रिलमध्ये बाहेर. आधी नर निघतात, नवी पिल्लं असलेली मादी सगळ्यात शेवटी.

तुटून पडत नाही. बाहेर आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे भूक मंदच असते, शरीर पूर्ण ताळ्यावर आलेलं नसतं. पण तुम्ही जाल तोवर हा काळ सरलेला असेल, तेव्हा गाफील राहू नका. कोवळं गवत, कंद, मार्मोट (बिळात राहणारी मोठी डोंगरी खार) हे तिथलं खाणं. खरा अधाशीपणा थंडीच्या तोंडावर, दिवसाला 20,000 किलोकॅलरीपर्यंत.

खाडीकाठ:
यात एक गैरसमज नेहमीचा: बेडकासारखं गार पडून राहतं. नाही. अंगाचं तापमान 37 वरून 32-34 अंशांपर्यंतच उतरतं. देह मोठा, केस दाट, उष्णता सावकाश निघते. हृदयाचे ठोके मात्र मिनिटाला 10 च्या आसपास येतात. म्हणूनच गुहेपाशी आवाज झाला तर ते उठतं. "झोपलंय" म्हणून डोकवायला जाणं महागात पडतं.

खाणं, पिणं, लघवी, शौच सगळं बंद. पाणी चरबीतूनच मिळतं: 100 ग्रॅम चरबी जळली की सुमारे 107 ग्रॅम पाणी. मूत्राशयातला युरिया पुन्हा रक्तात शोषला जातो, आतड्यातले जिवाणू तो फोडतात आणि त्यातल्या नायट्रोजनपासून परत प्रथिनं बनतात. स्नायू फारसे झडत नाहीत ते यामुळेही. आणि या अवस्थेत मादी जानेवारी-फेब्रुवारीत विते! अर्ध्या किलोची पिल्लं, आणि त्यांना दूध पाजायचं ते अन्नाचा कणही न खाता.

येऊरकर:
शिध्याचं सांगतो. येऊरचा बिबट्या कुत्र्यासाठी येतो, हे अस्वल डब्यासाठी येतं. झोपायचा तंबू, स्वयंपाकाची जागा आणि शिधा या तिन्हींत किमान 100 मीटर अंतर ठेवा, झोपायचा तंबू वाऱ्याच्या वरच्या बाजूला. वरच्या कुरणांवर झाडं नाहीत, त्यामुळे पिशवी टांगायचा उपाय बाद. बाजारातला प्लास्टिकचा ड्रमही नको, झाकण पंजाने सहज उचकटतं. अस्वलरोधक डबा भाड्याने मिळाला तर तोच घ्या. उष्टं आणि खरकटं पाणी तंबूजवळ टाकू नका. आणि कृपा करून सुकट-बोंबील नेऊ नका.

समोरासमोर आलं तर पळायचं नाही. शांतपणे बोलत, तिरकं मागे सरकायचं. पिल्लू दिसलं तर त्याच्या आणि आईच्या मध्ये जायचं नाही. अंगावर आलंच तर पालथं पडा, सॅक पाठीवर, दोन्ही हात मानेवर.

कोपरीकर:
बोंबील रद्द. टूथपेस्टही शिध्यातच?

येऊरकर:
हो. साबण आणि ओठांचं मलमसुद्धा.