टोलेडो : तीन तासांत उरकायचं की मुक्काम करायचा?

भटकभवानी :
माद्रिदहून टोलेडो हे स्पेनमधलं जुनं गाव एका दिवसात 'करून' आलेल्यांचे फोटो बघून बघून शेवटी हा धागा काढतेय. माझं म्हणणं सरळ आहे. तिथं एक रात्र राहणार नसाल तर जाऊच नका. माद्रिदला प्रादो संग्रहालय बघा, झोप काढा.

आधी स्वतःचं पाप सांगते. पहिल्या खेपेला आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. बस नदीपलीकडच्या मिरादोर देल वायेला, म्हणजे गाव बघायच्या जागेला, थांबली, फोटोला पंधरा मिनिटं. मग तलवारींच्या दुकानात पाऊण तास, कॅथीड्रलला पन्नास मिनिटं, त्यातली वीस स्वच्छतागृहाच्या रांगेत. जेवण, बस. झालं टोलेडो.

यंदा नवरा आणि मी दोन रात्री राहिलो. कॅथीड्रलमध्ये सलग साडेतीन तास होतो, आणि तरी निघताना पाय निघेना. १२२६ला काम सुरू झालं आणि १४९३ला संपलं, म्हणजे बांधणाऱ्यांच्या आठ-दहा पिढ्या त्यात गेल्या. आत कॉयरमधल्या, म्हणजे पाद्र्यांच्या बसायच्या जागेतल्या, खालच्या लाकडी आसनांवर ग्रानाडाच्या मुसलमानी राज्याविरुद्धच्या युद्धाचे ५४ प्रसंग कोरलेत. प्रत्येक आसनाला एक किल्ला, एक वेढा, एक शरणागती. मी वाकून वाकून बघत होते, पाठ गेली. कार्डिनलांच्या थडग्यांवर छतातून त्यांच्या लाल टोप्या टांगलेल्या आहेत. त्या काढत नाहीत, कुजून आपोआप पडेपर्यंत तशाच लोंबत ठेवतात. आणि ते 'ट्रान्सपारेंते'! वेदीमागच्या पवित्र प्रसादावर उजेड पडावा म्हणून नार्सिसो तोमे नावाच्या माणसानं १७२९ ते १७३२ मध्ये प्रदक्षिणामार्गाचं गॉथिक छत चक्क फोडलं आणि वरून ऊन आत घेतलं. संगमरवरी देवदूत, ढग, किरणं, सगळं एकमेकांवर कोसळतंय असं वाटतं. मला आवडलं की नाही हे अजून ठरत नाहीये.

पण मी मुक्कामाचं म्हणतेय ते याच्यासाठीही नाही. संध्याकाळी बस गेल्या की दुकानांची शटर पडतात, आणि दिवसभर धक्के खाल्लेली तीच गल्ली ओळखू येत नाही. वरच्या खिडकीतून भांड्यांचा आवाज येतो. आम्ही तीनदा चुकलो आणि तिन्ही वेळा कॅथीड्रलच्याच भिंतीला येऊन थडकलो.

पेन्शनर :
बाई, लिहिलंय छान, पण 'जाऊच नका' हे जरा अति झालं. मी ७१ वर्षांचा, हिचे दोन्ही गुडघे बदललेले. टोलेडो म्हणजे चढ, उतार आणि गोटे. आम्हीही सहल कंपनीबरोबरच गेलो, चार तास मिळाले. एल ग्रेको या चित्रकाराचं काउंट ऑर्गासच्या दफनाचं चित्र बघितलं, कॅथीड्रल बघितलं, पुलावरून ताहो नदी बघितली. समाधान झालं. पुन्हा जायचं म्हणजे व्हिसा, विमान, एवढे पैसे. आपण सकाळी पुण्याहून निघून अंबाबाईचं दर्शन घेतो, पन्हाळा बघतो आणि रात्री घरी येतो, तेव्हा कोल्हापूरचा अपमान होतो का?

भटकभवानी :
काका, कोल्हापूरला तुम्ही दहा वेळा जाणार असता. टोलेडोला एकदाच. म्हणून तर!

पेन्शनर :
एकदाच जाणार म्हणूनच तर त्याच खर्चात सेव्हिया, कोर्दोबा, ग्रानाडाही बघायचं असतं. तुम्ही दोन रात्री तिथं घालवल्या, त्या दोन दिवसांत काय सोडलं तेही लिहा की.

चिकूशेठ :
मुक्काम राहू द्या, मला आधी तिकिटाचं सांगा. देवाच्या घरात जायला दहा युरोच्या वर? बुरुजावर जायचं तर आणखी. आणि गावातल्या सात ठिकाणांसाठी मनगटाला बांधायची जी एकत्रित पट्टी मिळते, तिच्यात कॅथीड्रल नाहीच! मी पट्टी घेतली. सांतो तोमेचं चर्च, सांता मारिया ला ब्लांका हे जुनं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), सान हुआन दे लोस रेयेसचा मठ, क्रिस्तो दे ला लुझ ही ९९९ सालची चिमुकली मशीद, सगळं झालं. कॅथीड्रल बाहेरून बघितलं. बाहेरूनही ते मोठंच दिसतं.

उंबरठा :
चिकूशेठ, अहो हे म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाबाहेर जेवून येण्यासारखं झालं.
तिकीट प्रार्थनेला नसतं, बघायला असतं. मोझाराबिक चॅपलमध्ये रोज सकाळी मिस्सा (ख्रिस्ती उपासना) होते, तिला पैसे लागत नाहीत. आणि ती साधी मिस्सा नाही. मुसलमानी राजवटीत इथल्या ख्रिस्ती लोकांनी जपलेला, रोमच्या पद्धतीहून वेगळा असा तो जुना विधी आहे. कार्डिनल सिस्नेरोसनं त्याच्यासाठी हे चॅपल दिलं. पण तिथं बसायचं तर गप्प बसायचं, फोन खिशात ठेवून.

चिकूशेठ :
म्हणजे फुकट आत जाण्यासाठी भाविक असल्याचं सोंग आणायचं? त्यापेक्षा बाहेर उभं राहणं जास्त प्रामाणिक आहे.

माद्रिदकर :
सहा वर्षं माद्रिदला आहे. पाहुणे आले की टोलेडो ठरलेलं, चौदा-पंधरा वेळा झालं असेल. म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं झोडपतो.

काका, तुमच्यासाठी : पायऱ्या चढायची गरजच नव्हती. गावाच्या कडेला डोंगरात सरकते जिने आहेत. माद्रिदच्या आतोचा स्टेशनहून रेल्वे अर्ध्या तासात सोडते. परतीचं तिकीट आधीच काढा, सुट्टीच्या दिवशी जागा संपतात. सोमवार टाळा, एल त्रान्सितोचं सिनेगॉग बंद असतं.

भटकभवानी, तुमच्यासाठी : रात्रीच्या त्या शांततेवर तुम्ही भाळलात, पण ती शांतता का आहे? लोक निघून गेलेत. जुन्या गावात राहायला कोण आता? गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही, किराणा दूर, आणि जे घर रिकामं होतं ते तुमच्यासारख्या दोन रात्री राहणाऱ्यांना भाड्यानं जातं. बहुतेक टोलेडोकर खाली नव्या वस्त्यांत राहतात. दिवसा येऊन जाणारा निदान कुणाची खोली अडवत नाही.

भटकभवानी :
हे लागलं. आम्ही हॉटेलातच उतरलो होतो, पण मुद्दा मान्य. तरी एक विचारते. दिवसा येणारे हजारो लोक तलवारीच्या आकाराचं पाकीट उघडायचं पातं आणि फ्रिजचं चुंबक घेऊन जातात. रात्री राहणारा निदान तिथल्या खानावळीत जेवतो. गावाला जास्त काय परवडतं?

खादाड बोका :
जेवणाचा विषय निघाला म्हणून आलो. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. 'पिस्तो' मागा, ढोबळी मिरची-टोमॅटोची मऊ शिजवलेली भाजी. वर अंडं घालतात, नको असेल तर आधीच सांगा. छोट्या वांग्यांचं आल्माग्रोचं लोणचं तर आपल्या माणसाला पहिल्या घासात पटतं. मांसाहारींनी 'कारकामुसास', डुकराचं रस्सेदार मांस. आणि मासापान. गोव्यात नाताळच्या कुस्वारात काजूचं जे माझपान असतं ना, त्याचंच हे बदामवालं चुलत भावंड. टोलेडोत काही मठांत नन ते करून विकतात. मी दुपारी तीनला गेलो, सगळं बंद. पाचपर्यंत दारात बसलो. म्हणून माझं मत मुक्कामाला.

गणितवेडा :
इतका वेळ वाचतोय आणि कुणी मुख्य गोष्ट काढत नाही. बांधवहो, कॅथीड्रलच्या जागी आधी मोठी मशीद होती, आणि त्या काळातल्या टोलेडोचे काझी होते साइद अल-अंदलुसी. त्यांनी १०६८ साली जगातल्या राष्ट्रांच्या ज्ञानावर ग्रंथ लिहिला. शास्त्रं जोपासणाऱ्या राष्ट्रांत पहिला क्रमांक कुणाला दिला? हिंदुस्थानला. कधी हिंदुस्थान न बघितलेल्या माणसानं. पुढे १०८५ला अल्फोन्सो सहावा या ख्रिस्ती राजानं गाव घेतलं, आणि बाराव्या शतकात क्रेमोनाचा जेरार्ड इथं येऊन बसला, अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेत. आपली संस्कृत गणितातली 'ज्या' (आजची साइन) अरबीत गेली, तिथं तिचा उच्चार बदलला, आणि स्पेनमधल्या भाषांतरांतून ती 'सायनस' म्हणून बाहेर पडली. दहावीत साइन-कॉस घोकलेल्या प्रत्येकानं टोलेडोला एक नमस्कार ठोकायला हवा. मात्र यातलं दाखवायला तिथं जवळपास काहीच नाही. त्यामुळे माझ्या मते अर्धा दिवस पुरे, उरलेला वेळ घरी वाचनात घालवा.

उंबरठा :
मशिदीचा विषय आलाच आहे तर पुढचंही सांगते, पण याच्यावरून आपल्याकडची भांडणं इथं आणू नका. अल्फोन्सोनं मशीद मुसलमानांकडेच राहील असा शब्द दिला होता. परंपरा अशी सांगते की तो गावाबाहेर असताना राणी आणि आर्चबिशपनं ती ताब्यात घेतली. राजा चिडून परत आला, तेव्हा अबू वालिद नावाच्या फकीहनंच (इस्लामी धर्मशास्त्र्यानंच) मध्ये पडून रक्तपात टाळला. त्या फकीहचा पुतळा आज मुख्य वेदीच्या दालनात आहे. आणि १४९२ला ज्यूंना हाकलल्यावर जे उरलं ते दोन सिनेगॉगांत बघायला मिळतं. हे सगळं एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत आहे. गणितवेडा म्हणतात 'काहीच नाही', मला तर तिथं डोकं जड झालं.

माद्रिदकर :
फकीहचा पुतळा! चौदा खेपांत मला कुणी दाखवला नाही. अर्थात मी पाहुण्यांना दारात सोडून कॉफी प्यायला जातो.

चिकूशेठ :
बघा, तिकीट न काढणारा मी एकटा नाही.

भटकभवानी :
आत गेलात तर पोर्तोकारेरोची थडग्याची फरशी पण शोधा. केवढा मोठा कार्डिनल, आणि नाव न घालता फक्त लॅटिनमध्ये कोरून घेतलंय : इथं धूळ, राख आणि काहीही नाही. लोक त्याच्यावरून चालत जातात. मीही गेले, मग परत फिरून वाचलं. काका, तुम्हाला चार तासांत हे दिसलं होतं का, खरं सांगा. आणि त्या लाल टोप्या?

पेन्शनर :
फरशी नाही दिसली. टोप्यांचं हिला विचारलं. म्हणते, "मला दिसल्या होत्या, तुम्हाला हाकही मारली. तुम्ही बसची वेळ बघत होता."