जुनाट कंबरदुखी: रिस्टोर चाचणीतला सेन्सर क्लिनिकसाठी घ्यावा का?

मधुरा_फिजिओ:
कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी (दुखण्याची भीती आणि जपून हालचाल करायची सवय मोडणारी पद्धत) हिच्यावरची ऑस्ट्रेलियातली रिस्टोर चाचणी (लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक, २०२३) वाचून ही पद्धत सुरू करायचा विचार आहे. पाठीला लावायचा हालचाल टिपणारा सेन्सर लागतोच का? आणि सत्रात नेमकं काय करायचं? व्यायामाचा ठरावीक तक्ता काही सापडत नाही.

आकडेमोड:
सेन्सरवर पैसे घालू नका. ४९२ रुग्ण, तीन गट: नेहमीचे उपचार, नुसती थेरपी, थेरपी अधिक सेन्सर. १३व्या आठवड्याला रोलंड-मॉरिस प्रश्नावलीवर (२४ पैकी गुण, जास्त म्हणजे त्रास जास्त) थेरपीचे दोन्ही गट ४.६ गुणांनी सरस. सेन्सरने त्यात काहीच भर पडली नाही. वर्षभराने फरक टिकून होता. पण तुलनेच्या गटाला तेवढाच वेळ आणि तेवढंच लक्ष मिळालं नव्हतं, त्यामुळे नीट ऐकून घेण्याचा वाटा किती आणि पद्धतीचा किती, हे यातून वेगळं काढता येत नाही.

पाठीराखा:
तक्ता नाही, कारण तो रुग्णागणिक बदलतो. १२ आठवड्यांत जास्तीत जास्त ७ सत्रं, २६व्या आठवड्याला एक उजळणी. पहिल्या सत्राला तासभर ठेवाच.

आधी धोक्याची लक्षणं तपासा: लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, ताप, कारण नसताना वजन घटणं. यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांकडे. नसेल तर विचारा, कुठली हालचाल टाळता आणि ती केली तर काय होईल असं वाटतं? "मणक्यात गॅप आहे, वाकू नका म्हणालेत" हे उत्तर हमखास येतं. मग जमिनीवरची वस्तू उचलायला सांगून बाजूने बघा. श्वास रोखलेला, पोट आवळलेलं, पाठ फळीसारखी, एक हात मांडीवर टेकलेला. काम तिथेच आहे. खुर्चीवर बसवून, श्वास सोडत, हात नडगीवरून खाली सरकवायला लावा. जमलं की उभ्याने, मग रिकामी बादली, मग भरलेली.

बिघडतं कुठे? आपणच सवयीने "जपून, पाठ सरळ" म्हणतो आणि सगळं मुसळ केरात. दुसरं, मध्येच दुखणं वाढलं की रुग्ण फिरकत नाही. हे होऊ शकतं, असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. वाढलंच तर बादलीतलं पाणी कमी करा, वाकणं थांबवू नका.

मधुरा_फिजिओ:
आणि एमआरआय? रिपोर्ट हातात धरूनच येतात.

आकडेमोड:
२०१५च्या एका आढाव्यात पाठदुखी अजिबात नसलेल्या तिशीतल्या सुमारे ४० टक्के लोकांत आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत डिस्क बल्ज (मणक्यांमधली चकती फुगलेली) दिसला होता. हे आकडे रिपोर्टच्या शेजारी ठेवून दाखवा. ट्रॅक्शन (कमरेला ताण देणं) आणि कमरेचा पट्टा सरसकट देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

पाठीराखा:
पण पट्टा पहिल्याच दिवशी हिसकावून घेऊ नका. आधी घरातल्या घरात काढायला सांगा, प्रवासातला सगळ्यात शेवटी.