गरम पाण्याच्या गावावर पहिला हक्क कुणाचा?

भटकंती:
जपानमधलं गिन्झान ओन्सेन हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. चिंचोळी नदी, दोन्ही काठांवर लाकडी, तीन-चार मजली पारंपरिक सराया, गॅसचे दिवे. बर्फात हे बघायला झुंबड उडते. फोटोच्या जागेवरून हमरीतुमरी, अडकलेल्या गाड्यांमुळे रुग्णवाहिकेची वाट अडणं, असं सगळं झालं. म्हणून २०२४-२५च्या हिवाळ्यात नियम आला: रात्री आठनंतर फक्त मुक्कामी पाहुणे, आणि पाच ते आठ यायचं तर आधी आरक्षण.

मला हे पटत नाही. नदी आणि पूल सरायांच्या मालकीचे नाहीत. मुक्काम परवडतो त्यालाच रात्रीचं गाव दिसणार, हा कसला न्याय?

सावली:
रुग्णवाहिकेचं तुम्हीच लिहिलंत आणि एका ओळीत पुढे गेलात. तिथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने सगळा प्रश्न त्या एका ओळीतच आहे. आपल्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचंय आणि रस्त्यात अनोळखी गाडी आडवी, अशी कल्पना करून बघा.

शिवाय जपानमध्ये ओन्सेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यात स्नान करायला, स्नानकर असतो, साधारणपणे माणशी १५० येन. झऱ्यांची देखभाल, स्वच्छता, अग्निशमन यांसाठी तो वापरतात. दोन तास फोटो काढून परतणारा स्नानच करत नाही, म्हणजे करही देत नाही. त्याचा कचरा मात्र गावाने उचलायचा.

जुना_प्रवासी:
सावलीताई, उलटी बाजूही बघा. जर्मनीत आरोग्य विमा स्नानोपचारांचा खर्च उचलायचा. १९९७ला नियम कडक झाले: चार आठवड्यांचा उपचार तीनवर आला, आणि दोन उपचारांमधलं अंतर तीन वर्षांवरून चार झालं. उपचारांना येणारे घटले आणि त्यांच्यावर उभ्या असलेल्या गावांचं कंबरडं मोडलं. पाहुण्यांना कंटाळायला आधी पाहुणे असावे लागतात. ज्या पोराला गावात काम नाही, ते गाव सोडतं. गिन्झानचं तरी काय? चांदीची खाण संपल्यावर पाण्यानेच त्या गावाला जगवलं ना?

सावली:
जगवलं, मान्य. पण जर्मनीतल्या गावांनी एकाच तऱ्हेच्या पाहुण्यावर सगळी भिस्त ठेवली होती. गर्दी वाढवत नेणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

जपानमधल्याच नोझावा ओन्सेन या गावी मी गेले आहे. तिथली १३ सार्वजनिक स्नानगृहं गावकरीच सांभाळतात, झाडलोट आळीपाळीने करतात. परक्यालाही मोकळं दार. बाहेरच्या पेटीत यथाशक्ती टाकायचं. पाणी इतकं कडक की मी पाय बुडवला आणि लगेच वर घेतला. गार पाण्याचा नळ सोडायला गेले, तर कोपऱ्यातल्या आजींनी हातानेच थांबवलं. मग बादलीने आधी पायांवर, नंतर खांद्यांवर पाणी कसं घ्यायचं ते दाखवलं. एका शब्दाची ओळख नसताना त्यांनी मला आत सामावून घेतलं. एका वेळी चार-पाच जणी होतो म्हणून हे जमलं. पन्नास असतो तर त्या आजी पुन्हा तिथे आल्याच नसत्या.

भटकंती:
नोझावाचं मनापासून आवडलं. पण सावली, तुमचंच उदाहरण घेतो: तिथे दाराशी मुक्कामाची पावती कुणी मागितली नाही. पाच ते आठचं आरक्षण मी मान्य करतो, त्याने गर्दी आवरते. मग तेच दहापर्यंत चालवा, आणि फोटोवाल्यांकडूनही १५० येन घ्या. आठनंतरची बंदी मला अजूनही खटकते.

सावली:
पैसे जरूर घ्या. पण आठनंतरची शांतता ही गावकऱ्यांची झोप आहे. त्यात मी वाटा मागणार नाही.