८० स्लाइडची पीपीटी देतात आणि म्हणतात 'ई-लर्निंग करून द्या', तुम्ही काय करता?

रावपुरा_केमिस्ट्री
नमस्कार, मी बडोद्याचीच, एमएसयूमधून केमिस्ट्रीत एमएससी केलं, आधी शाळेत शिकवत होते आणि आता नंदेसरी साइडच्या एका प्लांटमध्ये एल अँड डीत (ट्रेनिंग विभागात) इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे, म्हणजे कोर्स बनवते. काम मनापासून आवडतं पण एका गोष्टीवर अडलेय. सेफ्टीच्या साहेबांनी लॉकआउट-टॅगआउटची (दुरुस्तीआधी मशीन बंद करून तिथे आपलं कुलूप नि नावाचा टॅग लावायचा, म्हणजे कोणी चुकून चालू करणार नाही) ८० स्लाइडची पीपीटी पाठवली, अर्धी एसओपीतून (कामाच्या लेखी पद्धतीतून) कॉपी-पेस्ट, म्हणाले ह्याला व्हॉइसओव्हर लावा, शेवटी क्विझ टाका, महिनाअखेर एलएमएसवर (ऑनलाइन कोर्सच्या सिस्टीमवर) पाहिजे. आमचे बरेचसे लोक काँट्रॅक्टवरचे, गुजराती नि हिंदी बोलणारे, शिफ्ट संपताना कंट्रोल रूमच्या एकाच पीसीवर बसून नेक्स्ट नेक्स्ट करत सुटतात. एका फिटरला विचारलं मागच्या कोर्समध्ये काय होतं, तर म्हणाला, "बेन, ए तो बधी खबर छे." आणि त्याला खरंच सगळं माहीत होतं! मग मी नक्की काय शिकवतेय? साहेब वयाने, अनुभवाने मोठे, त्यांना दुखवायचं नाहीये, पण हे असं बनवायला हात वळत नाहीयेत. तुम्ही अशा वेळी काय बोलता?

वाघोडिया_रोड
ताई, नोकरी नवीन आहे ना, मग पहिला कोर्स ते सांगतायत तसा करून द्या. आधी विश्वास बसू दे, सुधारणा नंतर.

मकरपुरा_मेंटेनन्स
वरच्या भावाशी सहमत नाही. विषय लॉकआउटचा आहे, ह्यात माणसाचा हात जातो, जीव जातो. पण 'नाही' म्हणायची गरजच नाही बेटा. साहेबांकडे जा आणि म्हण, साहेब कोर्स करतेच, फक्त मला गेल्या दोन-तीन वर्षांचं निअर-मिस रजिस्टर (थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद) दाखवा. आणि एवढंच विचार की लोक कुठल्या स्टेपला चुकतात, कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला. पीपीटीबद्दल अक्षर बोलू नकोस. सेफ्टीवाला माणूस ह्या विषयावर तासभर बोलेल आणि तुझा खरा कोर्स त्या तासाभरात असेल.

मी ट्रान्सफॉर्मरच्या एका कारखान्यात होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. रात्रपाळीत लोक लॉक न लावता नुसता टॅग अडकवून काम करायचे. वरून ऑर्डर आली, रिफ्रेशर ट्रेनिंग घ्या. घेतलं, काही फरक नाही. मग कोणीतरी रात्री जाऊन बघितलं तर कुलपं स्टोअरमध्ये आणि स्टोअरची चावी जनरल शिफ्टच्या सुपरवायझरकडे, तो सहाला घरी! पॅनलशेजारीच लॉक-बोर्ड लावला आणि प्रश्न मिटला. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप ह्या दोन ट्रेनिंगतज्ज्ञांनी १९७० मध्येच हे लिहून ठेवलंय की आधी विचारा, जिवावर बेतलं तर माणूस हे काम करू शकेल का? करू शकेल असं उत्तर आलं तर अडचण शिकवण्यात नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे. तुझा फिटर तेच सांगतोय. त्याला माहितीये, मग करत का नाही हे शोध, आणि रात्रपाळीला एक चक्कर मारच.

स्टोरीलाइन_वाली
काकांचं पटलं. मी व्हेंडर साइडला आहे, अलकापुरीत बसून असेच कोर्सेस बनवते, तर बनवण्याबद्दल सांगते. 'लोटोचा (लॉकआउट-टॅगआउटचा) फुल फॉर्म काय' असले प्रश्न काढून टाक, प्रसंग दे. उदा. पहाटेची शिफ्ट, पंपाच्या ब्रेकरवर लॉक आहे, पण ज्याने लावला तो इलेक्ट्रिशियन घरी गेलाय आणि प्रॉडक्शनवाला म्हणतोय कटर आण. आता तू काय करशील? अमेरिकेतल्या ओशाच्या (तिथल्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) १९१०.१४७ नियमात ह्याचं नीट उत्तर आहे, तो माणूस आवारात नाही ह्याची खात्री, त्याला फोनवर गाठायचा पूर्ण प्रयत्न, आणि परत कामाला लागायच्या आधी त्याला लॉक काढल्याचं सांगणं. पण तुमच्या प्लांटची प्रोसीजर साहेबांकडूनच घे, तीच कोर्समध्ये जाईल. असे चार-पाच प्रसंग म्हणजे कोर्स झाला. लॉक लावल्यावर बटण दाबून मशीन खरंच बंद आहे का बघायचं, ती स्टेप लोक घाईत गाळतात, त्यावर एक प्रसंग हवाच हवा.

आणि स्क्रीनवर जे लिहिलंय तेच व्हॉइसओव्हरने वाचू नकोस. रिचर्ड मेयर ह्या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनात हे चांगलं दिसलंय, चित्र दाखवून बोललेलं जास्त लक्षात राहतं, तेच वाक्य लिहून वर वाचूनही दाखवलं की उलट डोक्यावर भार. आवाज गुजराती आणि हिंदी वेगळे रेकॉर्ड कर, जमलं तर प्लांटमधल्याच कोणाचा तरी. बाकी ८० स्लाइड फेकायच्या नाहीत, साहेबांची मेहनत आहे ती. त्यातून मशीनप्रमाणे एकेक पानाचं चेकलिस्ट कर आणि पॅनलवर लाव, त्यांना ते नक्की आवडेल.

रावपुरा_केमिस्ट्री
काका, ताई, खूप खूप धन्यवाद. रजिस्टर मागितलं, साहेब चक्क खूश झाले, म्हणाले हे आजपर्यंत एल अँड डीतून कोणी मागितलं नव्हतं. आता एकच, त्यांना ऑडिटसाठी १००% कम्प्लिशन लागतं, आणि मला कळायला हवं की काम खरंच बदललं का.

मकरपुरा_मेंटेनन्स
दोन्ही दे. कम्प्लिशनचा रिपोर्ट ऑडिटला. पण ट्रेनिंगचा उपयोग झाला का हे मोजायला किर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये चार लेव्हल मांडल्या, लोकांना कसं वाटलं, काय शिकले, कामावर वागणं बदललं का, आणि कंपनीला काय फायदा, त्यात कम्प्लिशन कुठेच नाही. तुला तिसरी हवीये. कोर्सनंतर महिन्याभराने सुपरवायझरला चेकलिस्ट देऊन चालू परमिटवर (लेखी परवानगीने दुरुस्ती चालू असताना) बघायला लाव, लॉक कोणाचा, टॅगवर नाव आहे का, बटण दाबून ट्राय केलं का. कोर्सच्या आधीही एकदा असंच बघून ठेव, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि हे पोलिसगिरीसाठी नाही हे लोकांना आधीच सांग, नाहीतर सगळे तेवढ्यापुरतं नीट करतील.

एलएमएस_अॅडमिन
एक टेक्निकल गोष्ट. एलएमएस स्कॉर्म १.२ वर (कोर्स नि एलएमएस जोडणारं स्टँडर्ड) चालत असेल तर सस्पेंड डेटाला (माणूस कोर्समध्ये कुठवर आला ह्याच्या नोंदीला) ४०९६ कॅरेक्टरची मर्यादा असते, मोठा ब्रांचिंग (उत्तराप्रमाणे वाट बदलणारा) कोर्स असला की ती भरते आणि लोकांचं अर्धं केलेलं पुसलं जातं, मग सगळे तुमच्यावर चिडतात. म्हणून गुजराती नि हिंदी एकाच पॅकेजमध्ये कोंबू नका, वेगळे करा, आणि अपलोडच्या आधी स्कॉर्म क्लाउड ह्या टेस्टिंगच्या साइटवर टाकून अर्ध्यात बंद करून परत उघडून बघा. आणि तो कॉमन पीसी! लॉगआउट न करता उठले की पुढच्याचा स्कोअर आधीच्याच्या नावावर चढतो. शेवटच्या स्लाइडवर लॉगआउट करा असं मोठ्या अक्षरात टाका आणि आयटीला सेशन टाइमआउट कमी करायला सांगा.